चतकोर गोळी

कोसंबटोला, तालुका गडचिरोली
१८ एप्रिल १९५७

गुणवंता,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायला हात गेला आणि थांबला. मार्कंड्याच्या जत्रेनंतर तो हक्क तुझ्या या बहिणीकडे उरला आहे की नाही, ते तू ठरव. मला आज भांडायचे नाही, माफीही मागायची नाही. दोन्हींना वेळ नाही. मला तुझ्याकडून एक कागद हवा आहे.

सरकारी शिक्क्याचा कागद. त्यावर एवढेच लिही की कोसंबटोल्यातली डुकरे तापाने मेली, हा ताप जनावराकडून जनावराला लागतो, त्यात कोणाही माणसाचा हात नाही. खाली तुझी सही, आणि तू ढोरांचा डॉक्टर आहेस हे नीट वाचता येईल असे लिही. गावच्या म्हाताऱ्यांना वाचता येत नसले तरी शिक्का सगळ्यांना दिसतो.

महिन्याभरात गावातली एकतीसपैकी एकोणीस डुकरे गेली. आधी खाणे सोडतात, मग कानांवर आणि पोटावर जांभळे डाग येतात, मागचे पाय लटपटतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी संपतात. बियाण्याच्या पंडुम सणाला डुक्कर लागते, लग्नाला लागते, मयताला लागते. इथे डुक्कर म्हणजे नुसते मटण नव्हे, हे तुला सांगायला नको. तीन घरची लग्ने पुढे ढकलली आहेत.

आणि गावाने कारण शोधले आहे. रंभा.

रंभा तुला आठवत असेल. कोलू पाटलाच्या गाईचे अडलेले वासरू तू ओढून काढलेस, तेव्हा गरम पाण्याचे गुंडे आणून देणारी ती विधवा. मूल नाही, दीर नाही, गावाच्या कडेला एकटीची झोपडी. शाळा झाडायला माझ्याकडे येते. तिच्या हाताने डुकरे मेली असे म्हणतात. तिचीही दोन डुकरे गेली, तर म्हणतात, संशय येऊ नये म्हणून आधी आपलीच मारली.

वैशाख पौर्णिमेला सात गावांचे पंच बसणार आहेत. चेटकाचा दोष ठरला तर पुढचे दात पाडतात, म्हणजे तोंडातला मंत्र नीट उमटत नाही, आणि मग हद्दीबाहेर काढतात. गेल्या वीस वर्षांत इथे असे झालेले नाही. म्हाताऱ्यांना मात्र कसे करायचे ते आठवते.

पोलीस आणीन असे मी म्हणाले. कोलू पाटील म्हणाला, "आणा बाई. चार रोज ठेवसान. मंग पाचव्या रोजी तिले कोण सांभाळन?"

तो वाईट माणूस नाही. म्हणूनच मला भीती वाटते. कागद पाठव.

ताई


२७ एप्रिल १९५७

गुणवंता,

आज बाजाराचा दिवस. टपालवाल्याची वाट पाहत दुपारपर्यंत मोहाखाली बसले. तुझे काही नाही. सिरोंच्याहून पत्र यायला आठ-दहा दिवस लागतात हे कळते. तरी मनात येते, पाकीट हातात घेऊन अक्षर ओळखून तू ते फळीवर ठेवले असशील. मी असते तर ठेवले असते.

आणखी तीन डुकरे गेली.

तू विचारण्याआधीच सांगते. होय, मी औषध दिले होते. पेनिसिलीनच्या गोळ्या. निरोगी डुकरांना, रोग येण्याआधी, आठवड्यातून दोनदा. माणसाने आग लागल्यावर विहीर खणू नये, असे मी जत्रेत म्हटले होते ते तुझ्या कानांनी तू ऐकलेस. लोकांनी माझे ऐकले म्हणून दिले, असे मी सगळ्यांना सांगत आले. ते पूर्ण खरे नाही. त्यांना त्यांची कारणे होती आणि ती माझ्या भाषणापेक्षा पक्की होती.

लालसूच्या पोरीला गेल्या पावसाळ्यात छाती भरून ताप आला होता. गाडीत घालून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेली, तिला पेनिसिलीनची सुई दिली, तिसऱ्या दिवशी पोरगी पेज मागू लागली. हे सगळ्या गावाने पाहिले. लालसू म्हणाला, "ज्या दवाईनं माही पोरगी वाचली, तिनं डुक्कर काऊन नाई वाचणार?" शेजारच्या टोल्यात त्याच वर्षी डुकरांचे वाडे रिकामे झाले होते. ढोरांचा डॉक्टर शंभर मैलांवर, आणि तो येईपर्यंत आजारी डुकराची भाजी झालेली असते. पंडुमाला डुक्कर नसले तर माणसाची मान खाली जाते. आणि लालसूने दिले म्हणून झाडूने दिले, झाडूने दिले म्हणून कोलूने. शहाणपणा इथे कुंपणावरून पलीकडे जातो, व्यासपीठावरून नाही.

गोळ्या मी गडचिरोलीत नूर मोहम्मदकडून आणल्या. त्याने डबी पुढे केली आणि परत मागे ओढली. "बाई, हे बिमाराची दवा हाय. चंग्या जनावराले कायले खाऊ घालता?" मी त्याला उभ्या उभ्या अर्धा तास ऐकवले. तो शेवटी हसला. "बाई, तुमच्यासंगं बोलणं म्हंजे गाडीमोरे म्हैस, हालतच नाई. घ्या बा, न्या."

गोळ्या कमी आणि डुकरे जास्त. म्हणून मी एका गोळीचे चार तुकडे केले. निरोगी जनावराला चतकोर पुरे, असे मी ठरवले. कशावरून ठरवले, विचारू नकोस. रंभा ते तुकडे मोहाच्या चोथ्यात कुस्करून मडके घेऊन दारोदार फिरे आणि स्वतःच्या हाताने डुकरांच्या खाण्याच्या प्रत्येक डोणीत टाके. मीच तिला ते काम दिले. गावाने आजवर तिला कोणत्याही कामात घेतले नव्हते. म्हटले, हिलाही मान मिळेल.

पहिले तीन आठवडे एक डुक्कर मेले नाही. केस चमकू लागले, असे बाया म्हणत. मी शाळेच्या पडवीत उभी राहून विजयाचे भाषण केले. मग लालसूच्या वाड्यात पहिले डुक्कर पडले.

परवा लालसू आला. खाली बसला नाही.

"बाई, तुमी खोटं बोलत नाई ना?"

"नाही."

"तुमी सांगतलं, या दवाईमोरे रोग टिकत नाई. आमी दवाई देल्ली. एक रोज नाई चुकलो. मंग हा रोग नोहे."

मी पोरांच्या पाट्या एकावर एक रचू लागले.

"रोग नोहे, तर मंग कोनाचं काम हाय? डोणीत हात कोनाचा होता?"

गुणवंता, मी पुण्याच्या वकिलांशी वाद घातला आहे, नागपुरात प्राध्यापकांची तोंडे बंद केली आहेत. माझ्या दोन पेट्या पुस्तकांत या माणसाला उत्तर नाही. त्याच्या बोलण्यात एकही फट नव्हती. पहिले वाक्य माझे होते, बाकी सगळे त्याने नीट जोडले.

कागद पाठव. मी पाया पडते असे लिहिले तर तुला खोटे वाटेल. तरी लिहिते.

ताई


६ मे १९५७

गुणवंता,

तुझे कार्ड काल आले. दोन ओळी. 'मी न पाहिलेल्या डुकरांबद्दल शिक्का मारून देऊ शकत नाही. आणि जत्रेत माझ्या पत्रातले तू काय वाचलेस आणि काय वाचले नाहीस, ते आधी मला लिहून कळव.'

आधी मला राग आला. इथे एका बाईचे दात जायची वेळ आली आहे आणि हा मागचा हिशेब मागतो, असे मनात आले. मग रंभा आली. हल्ली ती पाण्याला विहिरीवर जात नाही, नाल्यात झरा खणून वाटीवाटीने भरते. घडा ठेवून म्हणाली, "डाक्टरभाऊ का म्हनते?" मी सांगितले, विचार करून राहिला आहे. तिने मान हलवली. तिच्याशीही मी खोटेच बोलले. म्हणून आता लिहिते.

जत्रेच्या पंधरा दिवस आधी तुझे पत्र आले होते, चार पाने. त्यातले एकच वाक्य मी गाडीवर उभी राहून वाचले: 'गोंडांच्या डुकरांना या गोळ्या देऊ नकोस.' वाचून कागद हवेत धरला आणि विचारले, पाहा, हा आमचा शिकलेला डॉक्टर! साहेबाच्या कुत्र्याला औषध आहे, बामणाच्या गाईला आहे, गोंडाच्या डुकराला नाही! डुकराला हात लावायची लाज वाटते याला! आणि हा कोण, तर माझा सख्खा भाऊ! माणसे ओरडली. तू वडाखाली उभा होतास, शेजारी तुझी बायको. तिने पदर तोंडाला लावला, तो मला गाडीवरून दिसला. मी थांबले नाही. समोर तीन हजार माणसे असली की मला थांबता येत नाही. लोक याला तेज म्हणतात.

पुढची वाक्ये मी वाचली नाहीत. ती मला पाठ आहेत. तू लिहिले होतेस की गोळी आजारासाठी असते, निरोगी जनावराला थोडी थोडी दिली तर ती वाया जाते, आणि उद्या खऱ्या दुखण्यात कामी येत नाही असेही अनुभव येऊ लागले आहेत. तू लिहिले होतेस की डुकरांच्या या तापाला तर कोणतीच गोळी चालत नाही, चतकोर नाही आणि पुरीही नाही. आणि तू उपाय लिहिला होतास. बाहेरचे डुक्कर पंधरा दिवस गावात घेऊ नका. आजारी वेगळे ठेवा, मेलेले खोल पुरा, खाऊ नका. शेवटी एका ओळीखाली रेघ मारली होतीस: 'तुमच्या गावात देवाच्या नावाने सोडलेले डुक्कर घरोघर खात फिरते. बाकी काही जमले नाही तरी ते बांधा.'

ती ओळ वाचून मी पत्र चुलीत घातले.

आता त्याचे कारण. सावलीच्या चौकात, चांद्याच्या मैदानात मी देवांना शिव्या दिल्या. दगडाला शेंदूर फासणाऱ्यांची टिंगल करून टाळ्या घेतल्या. पण कोसंबटोल्यात चौदा वर्षांत मी एकदाही म्हटले नाही की देवाचे डुक्कर बांधा. ते कोणाच्याही डोणीत तोंड घालते, कोणी हाकलत नाही, आपल्याकडे आले तर घर सुखी मानतात. ते बांधा म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी शाळेत एक पोर आले नसते. गोळी सोपी होती. गोळीत कोणाला काही सोडावे लागत नव्हते. त्यांना नाही आणि मला नाही. भिडेपोटी मी औषधाचा देव केला, आणि देव केला की त्याचा कोप कोणावर तरी ढकलावा लागतो.

लालसूने फेब्रुवारीत पलीकडच्या बाजारातून एक नर आणला होता. पहिले डुक्कर त्याच्याच वाड्यात पडले. त्या आठवड्यात देवाचे डुक्कर त्याच्याच डोणीत दोन दिवस होते. मग ते पुढे गेले. कोणत्या घरी कधी गेले ते मी आठवून आठवून मांडले. मरण त्याच्या मागोमाग चालले आहे. ते स्वतः मात्र धडधाकट आहे.

हे मी पंचांपुढे बोलणार आहे. पण तू ये, गुणवंता. कागद नको, तू ये. पौर्णिमा सोमवारी आहे. हे पत्र वेळेत पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहिले, कारण तू विचारले होतेस.

ताई


सावली
१५ मे १९५७

गुणवंता,

पत्त्यावरून तुला कळले असेल. मी आपल्या गावी आहे. देवाजीकाकांच्या पडवीत बसून लिहिते आहे.

सोमवारी सकाळी पंच बसले. मोठ्या चिंचेखाली सात गावची माणसे, बाया मागे. रंभाला मधे उभी केली होती. तिने धुतलेले लुगडे नेसले होते आणि ओठ घट्ट मिटून घेतले होते, जणू दात आत्ताच लपवायला हवेत. लालसूने आपले म्हणणे मांडले, शांतपणे, मला सांगितले तसेच. एका म्हाताऱ्याने विचारले, "हिच्या बाजूनं कोन हाय?"

मी उठले. आणि बोलले. सगळे सांगितले. गोळीने हा ताप जात नाही हे मला आधीपासून माहीत होते. भावाने लिहून कळवले होते, मी लपवले. रंभाने माझ्या सांगण्यावरून डोणीत हात घातला, तिला काही ठाऊक नव्हते. हा रोगच आहे आणि मी खोटे बोलले. आयुष्यात इतके खरे मी कधी बोलले नव्हते, आणि तुला लाज वाटेल, गुणवंता, पण मी चांगली बोलले. आवाज चढला, थांबायचे तिथे थांबले. बाया डोळे पुसू लागल्या. मला वाटले, जिंकले.

कोलू पाटील तंबाखू मळत होता. तो हळूच म्हणाला, "बाई, त्या रोजी तुमी असंच बोलल्या. तवाबी पटलं. आता उलटं बोलून राह्यल्या, तेबी पटून राह्यलं. आमी कोनतं धरावं?"

कोणीतरी हसले. मग सगळेच हसले, चिडून नाही, थकून. लालसू म्हणाला, "बाई रंभीवर माया करते. तिले वाचवाले बोलते. उद्या म्हनन डुकरं मेलीच नाई!"

मी तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की माझ्याजवळ दुसरे काहीच नाही. जे आहे ते शब्द, आणि ते इथे चालेनासे झाले आहेत. देवाचे डुक्कर बांधा हे वाक्य जिभेवर होते. ते त्या घडीला बोलले असते तर देवाची निंदा झाली असती आणि सगळा राग रंभाच्या तोंडावर गेला असता. मी ते गिळले.

मी विचारले, "दोष दुसऱ्याने अंगावर घेतला तर?"

म्हातारे आपसात गोंडीत बोलले. बराच वेळ. मग कोलू म्हणाला, "रीत हाय. पन बोलून नाई घेता येत बाई, भोगून घ्यावं लागते. तुमचे दात आमी पाडनार नाई, तुमी आमच्या पोरायले शिकवलं. पन ज्या तोंडानं गाव फसलं, ते तोंड सात गावच्या हद्दीत बंद. बैठकीत नाई, शाळेत नाई, वाटंवर भेटलं तरी नाई. आनि आजच निघा."

"रंभा?"

"रंभी आपल्या घरी."

मी मान डोलावली. आवाज काढून 'होय' म्हणायचे होते, पण लालसूने बोट वर केले. शिक्षा सुरू झाली होती.

तुला वाटेल मी यात मोठेपणा पाहते आहे. पाहत होते, अर्धा कोस. रंभा माझी पेटी डोक्यावर घेऊन हद्दीपर्यंत आली. मी तिच्याशी बोलू शकत नव्हते, पण ती बोलली. "तुमी सुटल्या बाई," ती म्हणाली. "तुमी गेल्या का गाव तुमाले विसरन. मी इथीच हाव. उद्या एखांदं डुक्कर मेलं का लोकं कोनाच्या घराकडं पायतीन?" रागाने नाही म्हणाली. पेटी खाली ठेवली, पदराने मान पुसली. "तुमी मले ते मडकं काऊन देल्लं होतं? मी मागतलं होतं का?"

मग ती परत गेली. मी हद्दीच्या आत उभी होते, म्हणून उत्तर दिले नाही. बाहेर असते तरी नव्हते.

आता तुला समजले असेल मी का लिहिते आहे. तिचे दात वाचले ते पुढचे डुक्कर मरेपर्यंत. शेवटी डुकरे मोजली तेव्हा सात उरली होती. ते देवाचे अजून फिरते आहे, आणि त्या गावात काय करावे हे ठाऊक असलेली एकच बाई होती. तिला बोलायची बंदी आहे.

हद्दीवर माझ्यासाठी गाडी उभी होती; मी निघताना कोलू पाटील तिथे आला. बैलांच्या जुवावर हात ठेवून उभा राहिला. मला नाही, बैलांना सांगितल्यासारखे बोलला: "डाक्टरभाऊ आला तर आमी आयकू. देवाचं कायी सांगन तरी आयकू. तो कमी बोलते."

गुणवंता, मी तुला जिथे नागवे केले, तिथे तीन हजार माणसे होती. कोसंबटोल्यात साठ आहेत. मी त्या तीन हजारांपुढे पुन्हा उभी राहीन, तू सांगशील त्या जत्रेत, आणि खरे काय ते बोलेन. पण त्याने आता रंभाचे काही होणार नाही. तू रजा काढ. नाही मिळाली तर न काढता ये. गडचिरोलीपर्यंत मोटार आहे, पुढे मी गाडी ठेवते. हद्दीपर्यंत तुझ्याबरोबर येईन आणि तिथे उतरेन.

आत तू एकटा जा. त्यांना माझ्याबद्दल काही सांगू नकोस. डुकराला हात लाव, आणि जेवढे लागेल तेवढेच बोल.

तुझी
इंदुताई